तारेची माया

वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिच्यामागोमाग एक शिलाई मशीनही आलं. काळं, पायानं चालवायचं आणि इतकं जड की ते आत घेताना दादाची कंबर धरली आणि नवा नवरदेव आठवडाभर वाकूनच चालत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गाड्यांचा मेकॅनिक. आमच्या घराच्या पुढच्या भागात गॅरेज, मागच्या भागात आम्ही, आणि मध्ये एक दार. दादा इंजिनं बघायचा. टायर, पंक्चर, गाड्या धुणं आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारणं हे खातं माझ्याकडे होतं, अजूनही आहे.

वहिनी मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून कपडे शिवायची. फ्रॉक, पडदे, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, येईल ते. तिच्याकडे कपडे न्यायला आलेल्या बायका आधी कपडा उलटा करून बघायच्या, कारण तिची उलटी बाजूही सुलटीइतकीच नीट असायची. कुठे धागा लोंबत नाही, कुठे कड उसवलेली नाही. "चुकून उलटा घालून गेलात तरी कुणी हसणार नाही," असं ती सांगायची, आणि ते खरं होतं. गॅरेजमध्ये हात पुसायला जी फडकी असतात त्यांनाही तिनं लाल दोऱ्यानं कड घातली होती. दादा म्हणायचा, "अगं, त्याला ऑइल पुसायचंय, वरातीत नाही न्यायचं." ती म्हणायची, "म्हणून काय सुतं काढत हिंडेल?"

ती गाड्यांच्या कामात शिरली ती सीटमुळे. एका टॅक्सीवाल्याची पुढची सीट फाटली होती आणि बोल्ट गंजल्यामुळे ती बाहेर निघत नव्हती. तेव्हा वहिनीच गाडीत शिरून, पाय बाहेर आणि डोकं आत अशा अवस्थेत ती जागच्या जागी शिवायला बसली. मध्येच सुई खाली पडली. ती शोधायला तिनं स्टीअरिंगखाली बॅटरी मारली आणि बराच वेळ तिचा आवाजच आला नाही.

"सापडली का?" दादानं विचारलं.

"सुई सापडली. अहो, पण हे काय आहे इथे?"

"वायरिंग आहे."

"असं असतं?"

"असंच असतं. झाकण लावलं की दिसत नाही."

वहिनी गप्प झाली. तिचं गप्प बसणं दोन प्रकारचं आहे. एक पटलं म्हणून आणि एक पटलं नाही म्हणून. आम्हा दोघांनाही कळलं की हे दुसऱ्या प्रकारातलं आहे.

त्यानंतर लवकरच आमच्याकडे वायरिंगची कामं करायला येणारा माणूस मोठ्या शहरात नोकरीला लागला. गाड्या खोळंबू लागल्या. दादाला इंजिनातलं सगळं कळतं, पण विजेचं काम म्हटलं की त्याला झोप येते. जे डोळ्यांना दिसत नाही ते बिघडतं कसं, हेच त्याला मान्य नाही. एके दिवशी एक गाडी आली, ती डावीकडे वळवली की हॉर्न वाजायचा. दादानं सगळा दिवस घालवला आणि शेवटी मालकाला सांगितलं, "तुम्ही उजवीकडूनच जात जा." मालक हसला नाही. संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आली, तिनं स्टीअरिंगखाली मान घातली आणि विचारलं, "ही निळी तार इथे घासली गेलीय, ते चालतं का?" स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की तिथला लोखंडी दांडा त्या उघड्या पडलेल्या तारेला टेकत होता. एवढंच होतं. दादा चहा पिऊन झाल्यावरही कप हातात धरून तसाच उभा राहिला, आणि मग म्हणाला, "उद्यापासून तू बस इथे."

वहिनी बसली, पण शिकून बसली. टेस्टलॅम्प काय सांगतो, मीटर कसा लावायचा, फ्यूज का जातो, हे तिनं विचारून विचारून, कंपन्यांची जाड पुस्तकं चाळून आणि आमच्या गॅरेजमागे पडलेल्या एका मोडक्या गाडीचं सगळं वायरिंग सोडवून पुन्हा भरून माहीत करून घेतलं. शिवणकामातले शब्द मात्र तिनं सोडले नाहीत. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, पुढे कधी सैल करायची वेळ आली तर असावं म्हणून. त्याला शिंपी लोक माया म्हणतात. वहिनी तारेलाही माया ठेवायची. "ताणून बांधलेली तार आज चालेल, पण गाडी हादरते, दार उघडतं-मिटतं, कधीतरी तुटणारच," ती म्हणायची. "थोडी माया असली की निभावून जातं." गिऱ्हाइकं प्रथम गोंधळायची, मग त्यांनाही तो शब्द आवडला. एक ट्रकवाला तर येऊन सांगायचा, "ताई, मागच्या दिव्याला जरा माया कमी पडली बघा."

अशी ती आमच्या गावभर 'वायरताई' झाली. आता केकवालीची गोष्ट सांगतो, कारण खरं सांगायचं ते हेच आहे.

केकवाली आमच्याच भागात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मोठे केक करणं हा तिचा व्यवसाय. वाढदिवस, लग्नं, निरोपसमारंभ, सगळीकडे तिचे केक जातात. बोलायला गोड आणि हाताला कडक बाई. क्रीमवर एक रेघ वाकडी गेली तर सगळं खरवडून पुन्हा लावणार. तिचा शत्रू एकच, तो म्हणजे उन्हाळा. उन्हात उभी असलेली गाडी भट्टीसारखी तापते. खाली जाऊन गाडी चालू करायची, एसी लावायचा, गाडी तशीच सोडून वर यायचं, केक उचलायचा आणि तीन मजले उतरायचे, तोवर कुणीतरी गाडी पळवेल ही धास्ती. म्हणून तिनं रिमोट स्टार्टर बसवून घेतला होता. वरून खिडकीतून बटण दाबायचं, गाडी आपोआप चालू होते, दारं बंदच राहतात, एसी सुरू होतो, आणि आपण केक घेऊन उतरेपर्यंत आत गारवा तयार.

निदान तसं व्हायला हवं होतं. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते राग आणि रडू यांच्या बरोबर मधलं होतं.

"गाडी चालू होते," ती म्हणाली, "पण एसी लागतच नाही. चालू गाडीत आणखीच उकडतं. परवा एका मुलीच्या वाढदिवसाला हंस नेला होता. पोचेपर्यंत त्याचं बदक झालं."

मी हसलो. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, आणि मी टायरकडे बघायला लागलो.

"बसवला कुणी?" तिनं विचारलं.

"एक जण घरी आला होता. अर्ध्या तासात बसवून गेला. ब्रेक दाबताना पायाला काहीतरी लागतं, ते सांगायलाही फोन केला, पण उचलत नाही."

वहिनीनं स्टीअरिंगखालचं झाकण काढलं. ते निघताच तारांचा एक झुबका धप्पकन खाली आला, जटा मोकळ्या सुटाव्यात तसा. ज्या डबीतून हे सगळं चालतं ती डबी कशालाच बांधलेली नव्हती. नुसती तारांना लोंबत होती आणि तीच बाईंच्या पायाला लागत होती. तारा सोलून एकमेकींभोवती पिळलेल्या, वर प्लॅस्टिकची चिकटपट्टी, आणि उन्हानं त्या पट्टीचा डिंक होऊन सगळं चिकचिकलेलं. एसीचा पंखा ज्या तारेवर चालतो ती तार तो माणूस जोडायलाच विसरला होता.

दादा मागून डोकावला. "एवढंच ना? ती एक तार जोड, डबीला एक पट्टा मार, झालं. चहाच्या आत होईल."

"होईल," वहिनी म्हणाली. मग केकवालीला म्हणाली, "गाडी आज आणि उद्या माझ्याकडे राहू दे. चालेल?"

केकवालीनं विचारलं, "एका तारेला दोन दिवस?"

"तुम्ही केकचा खालचा थर कच्चा राहिला तर वरून क्रीम लावून देता का?"

केकवालीनं किल्ली तिच्या हातात ठेवली.

वहिनीनं आधी प्रश्न विचारले. गाडी कुठे उभी असते, मोकळ्यावर की बंद जागेत? बंद जागेत असेल तर मी हे बसवणार नाही, धूर कोंडतो. मोकळ्यावर, इमारतीखाली, असं कळल्यावर ती पुढे गेली. गाडी ऑटोमॅटिक, ते बरं, कारण गिअरच्या गाडीत कुणी गिअर टाकून ठेवला आणि वरून बटण दाबलं तर गाडी उडी मारून समोरच्या भिंतीत जाईल. घरात लहान मुलं आहेत का रिमोटशी खेळणारी? नाहीत. मग तिनं सगळं जुनं काम उपटून काढलं आणि एका ताटात ठेवलं. दुपारी जेवायला बसताना दादानं ते ताट चुकून उचललं, ही वेगळी गोष्ट.

मग बसवायला सुरुवात. मी जाता-येता बघत होतो. प्रत्येक जोड तिनं सोल्डर केला, त्यावर बारीक नळी सरकवून गरम वाऱ्यानं आकसून घेतली, मग कापडी टेप गुंडाळली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. नव्या तारा तिनं गाडीच्या मूळ तारांच्या जुडीला समांतर नेल्या, तीच वळणं घेत, तिथेच बांधत, आणि प्रत्येक वळणावर थोडी माया. डबी स्टीअरिंगच्या वर, आतल्या लोखंडी पट्टीला, खाली स्पंजचा तुकडा देऊन घट्ट बसवली, म्हणजे ती खडखडणार नाही. इंजिनकडे जाणारी तार पत्र्यातून नेताना तिथल्या रबरी बुचातूनच ओवली. दादानं पलीकडून एक मोकळं भोक दाखवलं होतं. "कडा धारदार आहे," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवताना करते तसं एक डोळा मिटून तिनं ती तार बुचातून काढली.

मग ती कळ आली, जिच्यावरून नवरा-बायकोत वाद झाला. बॉनेटच्या कडेखाली बसवायची एक छोटीशी कळ असते. बॉनेट पुरतं बंद असलं की ती दाबलेली राहते. बॉनेट उचललं की ती सुटते, आणि मग रिमोटचं बटण कितीही दाबा, गाडी चालू होत नाही. आधीच्या माणसानं ती बसवलीच नव्हती.

"ही कशाला?" दादा म्हणाला. "कुणी बसवत नाही. गाडी किल्लीनं चालते तेव्हा असते का?"

"किल्लीनं चालू करणारा गाडीत बसलेला असतो. त्याला पुढे कोण उभं आहे ते दिसतं. ही तिसऱ्या मजल्यावरून बटण दाबणार. त्याच वेळी तुमच्यासारखा कुणी बॉनेट उघडून इंजिनाच्या पट्ट्यात हात घालून उभा असेल तर?"

"मी कशाला उभा असेन?"

"तुम्ही नाही हो. तुमच्यासारखा कुणी."

ती कळ बसवायला तिला डबीपेक्षा जास्त वेळ लागला. बॉनेट अर्धवट टेकलं तरी ती दाबली जाता कामा नये, पुरतं बसलं तरच दाबली जावी, अशी तिची अट. ती कळ वर-खाली करत, बॉनेट लावत, उघडत, पुन्हा लावत राहिली. धप्प, धप्प असा आवाज इतका वेळ येत होता की समोरच्या दुकानदारानं येऊन विचारलं, गाडी शिंकतेय का.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केकवाली आली. वहिनीनं झाकण मुद्दाम काढून ठेवलं होतं. केकवाली गुडघ्यावर बसली, आत वाकली, आणि म्हणाली, "काहीच दिसत नाही की."

"तेच तर," वहिनी म्हणाली.

मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन केकवालीनं बटण दाबलं. दिवे लुकलुकले, इंजिन सुरू झालं आणि पाठोपाठ एसीचा पंखा घुमायला लागला. केकवालीनं हळूच दार उघडून गालावर गारवा घेतला आणि तशीच, डोळे मिटून, उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिनं वहिनीला एक छोटा केक पाठवला. त्यावर साखरेची एक चिमुकली गाडी होती. आम्ही केक खाल्ला. गाडी वहिनीनं कुणाला खाऊ दिली नाही, शेवटी मुंग्यांनी खाल्ली.

पुढे काही महिन्यांनी गावात एक मोठा बेत ठरला. इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. मी आणि दादाही. सगळ्यांनी मिळून इस्पितळाच्या बागेत दुपारी त्यांचा सत्कार करायचं ठरवलं, आणि केक अर्थातच केकवालीकडे. पाच मजली, पांढरा, आणि सर्वांत वर साखरेचा पाळणा, त्यात दुपट्यात गुंडाळलेलं साखरेचं बाळ. त्या बाळाच्या मुठी करायलाच तिला एक दुपार लागली होती.

आदल्या संध्याकाळी ती गाडी घेऊन आमच्याकडे आली. हवा बघा, पाणी बघा, सगळं बघा, उद्या काही गडबड नको. मी टायर बघितले. दादानं काचेवर उडायचं पाणी भरलं. वहिनी तेव्हा दुसऱ्या एका गाडीच्या पोटात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी गॅरेजात होतो. फोन वाजला. केकवाली होती.

"ताई, मी खिडकीतून बटण दाबतेय. गाडी नुसते डोळे मिचकावते आणि गप्प बसते. केक फ्रीजमधून बाहेर काढलाय."

"किती वेळा मिचकावते?"

"थांबा, बघते." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पाच वेळा. दर वेळी पाच."

गाडी चालू व्हायची नसेल तर ती का नाही, हे दिव्यांच्या लुकलुकण्यावरून सांगते. प्रत्येक कारणाची संख्या ठरलेली असते. वहिनीला ती सगळी पाठ होती.

"केक परत आत ठेव," ती म्हणाली. त्या दोघी एव्हाना अगं-तुगंवर आल्या होत्या, फक्त गडबडीत केकवालीच्या तोंडून अहो-जाहो निघत होतं. "आणि किल्लीनं चालू करून निघू नकोस. अजिबात नको. मी येते."

तिला गाडी चालवता येत नव्हती. दिवसभर गाड्यांच्या आत मान घालून बसणारी बाई, पण कधी स्टीअरिंगमागे बसून रस्त्यावर गेली नव्हती. मी स्कूटर काढली. ती मागे बसली, मांडीवर हत्यारांची पेटी, आणि रस्ताभर एकच वाक्य बोलली: "भावजी, खड्डे चुकवा, मीटर आहे आत."

गाडी इमारतीखाली उभी होती, दिसायला अगदी शहाण्यासारखी. वहिनी पुढे गेली, वाकली आणि बॉनेटच्या कडेखाली बोटं घातली. एक बोट सहज आत गेलं. बॉनेट पहिल्या खटक्यावरच अडकलेलं होतं. वरवर बघणाऱ्याला बंदच वाटावं, पण पुरतं बसलेलं नव्हतं, म्हणून कळ सुटलेली आणि ते पाच वेळा लुकलुकणं. तिनं ते उचललं. आत काचेच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडं होतं आणि शेजारी एक फडकं पडलं होतं, लाल दोऱ्याची कड घातलेलं.

आम्ही दोघांनी त्या फडक्याकडे बघितलं.

"दादाचा फोन वाजला होता काल," मी म्हणालो. भावाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

वहिनी काही बोलली नाही. पण हे गप्प बसणं ना पहिल्या प्रकारातलं होतं ना दुसऱ्या. इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जायला बाहेरून जाणारा मोठा रस्ता, ज्यावर सगळे भरधाव जातात. काल केकवाली गल्लीबोळांतून सावकाश घरी आली म्हणून काही झालं नव्हतं. आज त्या वेगात वाऱ्यानं बॉनेट उघडून काचेवर आदळलं असतं, तर समोरचं काहीही दिसलं नसतं. केक तर गेलाच असता, पण तेव्हा केकचा विचार करायलाही कुणी राहिलं असतं की नाही कोण जाणे.

वहिनीनं बाटलीचं झाकण लावलं, फडकं घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं, बॉनेट खाली सोडलं आणि दोन्ही तळहातांनी दाबलं. खटका बसला. मग तिनं वर बघून हात हलवला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून केकवालीनं बटण दाबलं. दिवे एकदाच लुकलुकले आणि इंजिन सुरू झालं.

वरून टाळ्यांचा आवाज आला. केकवाली, तिचा भाऊ आणि शेजारच्या दोन खिडक्यांतल्या बायका. कशाबद्दल टाळ्या वाजवतोय हे त्या बायकांना माहीत नव्हतं, पण केकवाली वाजवतेय म्हणजे चांगलंच असणार.

गाडी गार होईपर्यंत आम्ही वर गेलो. केक दोन खोक्यांत होता. मोठं खोकं केकवाली आणि तिच्या भावानं धरलं, पाळण्याचं खोकं वहिनीनं. मी पुढे जाऊन वळणावळणावर "पायरी, पायरी" असं ओरडायचं काम केलं. खाली दार उघडलं तर आतून गार हवा अंगावर आली. केकवाली म्हणाली, "ताई, तूच पाळणा धरून बस मागे. दुसऱ्या कुणाच्या हातात मला भरवसा नाही."

"या कपड्यांत?" वहिनीच्या अंगावर कामाचा कोट होता, बाहीवर सोल्डरचे डाग.

"तुझ्या कपड्यांकडे कोण बघणार? पाळण्याकडे बघतील."

मी स्कूटरवरून बाजूबाजूनं गेलो. मोठ्या रस्त्यावर मी त्या बॉनेटकडेच बघत होतो. ते जागचं हललं नाही.

बागेत माणसांचा समुद्र होता. गाडीतून वहिनी खोकं घेऊन उतरली, आणि पाळणा बाहेर काढला तेव्हा बाळाच्या मुठी जशाच्या तशा होत्या. मोठ्या सिस्टर केकसमोर आल्या. त्या बोलायला फार चांगल्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी "जोर लावा" आणि "घाबरू नका" एवढंच सांगितलेलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यातल्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुम्ही रडत होता. आज सगळे हसताय. बरं वाटलं." एवढंच बोलून त्यांनी सुरी उचलली, पण पाळण्याला हात लावू दिला नाही कुणाला.

दादाही आला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याला काहीच माहीत नव्हतं. वहिनीनं केकच्या तुकड्याची बशी त्याच्या हातात दिली, आणि कोटाच्या खिशातून ते घडी घातलेलं फडकं काढून त्याच्यापुढे धरलं.

"हे माझं," दादा म्हणाला. "कुठे होतं?"

"केकवालीच्या बॉनेटमध्ये. बॉनेट उघडं होतं."

दादाचा घास हातातच राहिला. त्याला समजायला क्षण लागला. तो केकवालीकडे गेला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, पण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला बघितला. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"ती कळ नसती तर," तो म्हणाला.

"आहे ना पण," वहिनी म्हणाली. "खा आता. क्रीम वितळतंय."

तेव्हापासून आमच्या गॅरेजातून गाडी बाहेर पडताना दादा बॉनेट स्वतः दाबून बघतो. एकदा दाबतो, मग पुन्हा, मग गिऱ्हाइकाला दाबायला सांगतो. काही लोकांना वाटतं ही एखादी पूजा असावी.

त्या दिवसानंतर रिमोट स्टार्टरसाठी माणसं वहिनीकडे येऊ लागली. आजारी आईला डॉक्टरकडे नेणारी मुलगी, उन्हातान्हात शाळेत जाणाऱ्या एक बाई, कुत्र्याला गाडीतून फिरवणारे एक गृहस्थ. दादानं गॅरेजची अर्धी बाजू तिला दिली, तिथे उजेड चांगला येतो म्हणून खिडकी मोठी केली. बंद जागेत गाडी ठेवणाऱ्यांना ती अजूनही नाही म्हणते, कितीही गयावया केली तरी. शिलाई मशीनही तिनं इथेच आणून ठेवलं, सीटची कव्हरं शिवायला. ते हलवताना या वेळी माझी कंबर धरली.

आणि ती गाडी चालवायला शिकली. केकवालीनंच शिकवलं. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी ती येऊन म्हणाली, "तुला स्कूटरच्या मागे बसून यावं लागलं हे मला बरं वाटलं नाही." दर रविवारी दोघी शाळेच्या रिकाम्या मैदानात जायच्या. केकवाली शिकवताना कडक, आणि वहिनी शिकताना त्याहून कडक, वळण थोडं जरी मोठं झालं तरी म्हणायची, "परत." मैदानाला इतके वळसे झाले की तिथल्या गवतात रिंगण उमटलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला गाडी मागे घ्यायला सांगितली तेव्हा तिनं आधी उतरून मागचे दिवे लागतात का ते बघितलं. साहेब म्हणाले, "बाई, मला परीक्षा घ्यायचीय, तुम्हाला गाडी तपासायची नाहीये." ती म्हणाली, "दिवे लागत नसतील तर मी मागे जाणार नाही." पास केलं त्यांनी.

मागच्या रविवारी तिनं आम्हा सगळ्यांना केकवालीच्या गाडीतून तलावावर नेलं. पुढे दादा, मागे मी आणि केकवाली. वहिनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, ताठ बसून, अशी सावकाश चालवत होती की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, आणि जाताना त्यानं हात हलवला.

"उतरून ढकलू का जरा?" दादा म्हणाला.

"गप्प बसा," ती म्हणाली. "बाहेर बघा. किती छान दिसतंय सगळं."

खरंच छान दिसत होतं. डावीकडे पाणी चमकत होतं, काठावर मुलं पतंग उडवत होती, आणि वहिनी आरशात, मग समोर, मग पुन्हा आरशात बघत, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत गाडी चालवत होती.